एमएफएसाठी रायटिंग सॅम्पल: मराठीत लिहिणाऱ्यांनी काय पाठवायचं?

पीएचडीच्या अर्जाला रायटिंग सॅम्पल जोडावं लागतं आणि सर्जनशील लेखनाच्या एमएफएलाही जोडावं लागतं. नाव एकच असल्यामुळे बरेच जण दोन्हींची तयारी एकाच पद्धतीने करायला जातात. पीएचडीला तुमचा निबंध वाचणारे प्राध्यापक काय बघतात? प्रश्न नीट मांडता येतो का, या विषयावर आधी झालेलं काम माहीत आहे का, पुराव्यावरून निष्कर्षापर्यंत पोचता येतं का. एमएफएला तुमची कथा किंवा कविता वाचणारे स्वतः कथाकार, कादंबरीकार किंवा कवी असतात. पुढची दोन-तीन वर्षं ते तुमचंच लिखाण टेबलावर ठेवून त्यावर बोलणार असतात. त्यामुळे या माणसाचं आणखी लिखाण वाचायची उत्सुकता वाटते का, हा त्यांचा प्रश्न असतो. ‘परिपूर्ण’ कथा त्यांना नको असते. सगळं जमलेलंच असेल तर शिकायला कशाला येताय?

या सॅम्पलचं वजन किती, हे सुरुवातीलाच सांगते. बहुतेक विभाग स्पष्टच म्हणतात की प्रवेशाचा निर्णय मुख्यतः याच्यावर होतो. जीआरई आता बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. मार्कशीट लागते, पण ती पात्रतेपुरती. शिफारसपत्रं आणि एसओपी वाचतात, पण सहसा सॅम्पल आवडल्यानंतर. म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंगला ५८ टक्के मिळालेला आणि इंग्रजी साहित्याचा एकही पेपर न दिलेला मुलगासुद्धा इथे बरोबरीने स्पर्धेत असतो. हा दिलासा आहे, पण यात मेखही आहे: सॅम्पल कमी पडलं तर बाकीचं काहीही ते भरून काढत नाही. जागाही फार थोड्या असतात. कॉर्नेल विद्यापीठ वर्षाला फक्त आठ विद्यार्थी घेतं, चार कवी आणि चार कथाकार.

मी तुलनात्मक साहित्यात पीएचडी करते आहे आणि या लेखनवर्गांचा इतिहास हा माझ्या वाचनाचा एक भाग आहे. त्यामुळे खाली काही सल्ला आहे आणि काही इतिहास आहे. इतिहास कळला की सल्ल्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी आकडे उरकून घेऊ. अमेरिकेत गद्यासाठी साधारण २० ते ३० पानं आणि कवितेसाठी साधारण १० पानं असा हिशेब असतो. काही ठिकाणी याहून जास्त मागतात. पान म्हणजे डबल स्पेस, १२ पॉइंटचा साधा टाइप आणि चारही बाजूंना एक इंच समास. अशा पानावर २५० ते ३०० शब्द बसतात. २५ पानं म्हणजे साडेसहा-सात हजार शब्द झाले, दिवाळी अंकातली एक मोठी कथा किंवा दोन मध्यम कथा. इंग्लंडमध्ये मर्यादा बऱ्याचदा शब्दांत सांगतात आणि सॅम्पल लहान असतं. काही विद्यापीठांना प्रत्येक पानावर नाव हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. हे प्रत्येकाच्या सूचनांत लिहिलेलं असतं, तसंच करा.

मर्यादेपेक्षा कमी पानं चालतात का, असं खूप जण विचारतात. चालतात. ३० पानांची परवानगी आहे आणि तुमच्याकडे २२ पानांची घट्ट कथा आहे, तर उरलेली आठ पानं भरायला दुसरी कच्ची कथा जोडू नका. शेवटी वाचलेलं डोक्यात राहतं.

निवड

मी आमच्या विभागाच्या साहित्यिक नियतकालिकासाठी आलेल्या कथांची पहिली चाळणी करते. प्रवेशाची कमिटी आणि ही चाळणी एकच नाही, पण ढिगातली कथा माणूस कशी वाचतो हे तिथे बसल्यावर कळतं. पहिल्या दोन पानांत मी कथानक शोधत नसते. लिहिणाऱ्याचा हात कितपत स्थिर आहे, ते बघत असते. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, कोणती गोष्ट आत्ता सांगायची आणि कोणती राखून ठेवायची, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे असं वाटलं की मी खुर्चीत जरा मागे टेकते. गजर वाजला, डोळे उघडले, खिडकीबाहेर पाऊस होता, चहाचा वास आला, अशी सुरुवात असली तर टेकत नाही, कारण कथा अजून सुरूच झालेली नसते. भारतातून आलेल्या इंग्रजी कथांमध्ये पहिल्या पानावर आजी, लोणचं, पाऊस आणि विमानतळ यांतलं काही ना काही हमखास असतं. आजीवर माझा राग नाही. पण ती तिथे का आली आहे हे तिला स्वतःलाच माहीत नसतं, असं पुष्कळदा वाटतं.

मग पाठवायचं काय? बहुतेकांचा पहिला विचार असतो, ‘स्पर्धेत पहिली आली ती कथा.’ माझं मत विचाराल तर ती कथा जरा संशयानेच बघा. आपल्याकडच्या कॉलेजातल्या कथास्पर्धांमध्ये विषयाला खूप गुण असतात: शेतकरी आत्महत्या, वृद्धाश्रम, हुंडा. शेवटी कलाटणी असली की टाळ्या. एमएफएच्या कमिटीला विषयाचं मोठेपण पुरत नाही आणि कलाटणी त्यांनी हजार वेळा वाचलेली असते. तुमच्या वहीत एखादी कमी ‘महत्त्वाची’ कथा असेल, समजा एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये हिशेब लागत नाही एवढीच, पण तिच्यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही का लिहिलंत हे तुम्हाला सांगता येत असेल, तर ती पाठवा.

कादंबरीचा भाग पाठवता येतो. शक्यतो पहिलं प्रकरण पाठवा. मधला तुकडा द्यायचाच असेल तर तो मागचं पुढचं माहीत नसताना समजला पाहिजे. आधी एक पानभर ‘आतापर्यंत काय घडलं’ लावावं लागत असेल तर तो तुकडा सॅम्पलसाठी योग्य नाही. आणि कथा, कविता, ललित गद्य यांची भेळ करू नका. अर्ज कथेसाठी असेल तर कथाच द्या. अपवाद आहेत: टेक्सस विद्यापीठाचं मिचनर सेंटर मुख्य प्रकाराबरोबर दुसऱ्या प्रकारातलंही लिखाण मागतं. पण तिथे ते मागतात म्हणून द्यायचं.

पीएचडी स्तरावर सर्जनशील लेखन करायचं असेल, जे ह्यूस्टन, यूटा, डेन्व्हर अशा विद्यापीठांत करता येतं, तर सर्जनशील सॅम्पलबरोबर एक समीक्षात्मक निबंधही लागतो. त्यांची तयारी वेगवेगळी करा. निबंधात ‘माझ्या कथेचा सैद्धांतिक पाया’ सांगत बसू नका.

मराठीतून इंग्रजीत

आता खरा अडचणीचा भाग. तुम्ही मराठीत लिहिता. सॅम्पल इंग्रजीत हवं. न्यूयॉर्क विद्यापीठात आणि आयोवात स्पॅनिशमधून एमएफए करता येतं, कारण अमेरिकेत स्पॅनिश बोलणारे आणि वाचणारे कोट्यवधी आहेत. मराठीसाठी तशी सोय नाही. मग काहीजण चार महिन्यांत घाईघाईने एक इंग्रजी कथा लिहितात आणि दहा वर्षं मराठीत केलेलं काम कपाटात ठेवून देतात. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तुमची कथेवरची पकड, संवादाचा कान, कुठे थांबायचं याची जाण, हे सगळं त्या मराठी लिखाणात तयार झालेलं आहे. ते सोडून कमिटीला तुमच्या नवशिक्या इंग्रजी कथा कशासाठी दाखवायच्या?

स्वतःच्या मराठी कथेचं स्वतः इंग्रजी करणं हा पूर्णपणे वैध मार्ग आहे, आणि मराठीत त्याला परंपराही आहे. विलास सारंग दोन्ही भाषांत लिहीत आणि स्वतःच्या कथा इंग्रजीत नेत. अरुण कोलटकर दोन्ही भाषांतले कवी. १९७६ ची ‘जेजुरी’ इंग्रजीत आली आणि तिला १९७७ चं राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळालं. किरण नगरकरांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत १९७४ साली आली आणि ‘रावण अँड एडी’ इंग्रजीत १९९५ साली. हे लोक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ‘सुटले’ नव्हते, ते दोन्हीकडे राहत होते.

एक अट मात्र पाळा: भाषांतर तुमचं स्वतःचंच हवं. दुसऱ्याने केलेलं, कितीही चांगलं असलं तरी, चालणार नाही, कारण तुमची इंग्रजी वाक्यं तिथे तपासली जात असतात आणि पुढची दोन वर्षं तुम्हाला त्या भाषेत वर्गात बसायचं असतं. यंत्राने करून घेतलेलं भाषांतर ‘थोडं सुधारून’ पाठवायचा मोह होईल. नियमांचा प्रश्न आहेच, ते प्रत्येक विद्यापीठाचे वाचा. पण त्याशिवाय, यंत्र जे इंग्रजी देतं ते गुळगुळीत असतं आणि तुमच्या मराठीतला खडबडीतपणा सगळ्यात आधी घासून टाकतं. एसओपीमध्ये एका ओळीत सांगा की ही कथा मूळ मराठीत लिहिली आणि इंग्रजी रूप माझंच आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट दोन भाषांत काम करणारा लेखक वर्गात असणं बऱ्याच प्राध्यापकांना आवडतं.

आता प्रत्यक्ष काय अडतं, ते एका उदाहरणावरून बघू. समजा तुमची कथा दोन भावांची आहे. धाकटा थोरल्याला लहानपणापासून ‘दादा’ म्हणतो आणि ‘अरे-तुरे’ करतो. घराची वाटणी होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वाटणीपत्र समोर येतं आणि धाकटा पेन पुढे करून म्हणतो, “तुम्ही सही करा आधी.” मराठी वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. चाळीस वर्षांचं नातं ‘तू’वरून ‘तुम्ही’वर आलं, म्हणजे संपलं. कथेचा सगळा भार त्या एका सर्वनामावर आहे.

इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ला एकच शब्द. वाक्य शब्दशः नेलंत तर उरतं, एक माणूस दुसऱ्याला म्हणतो की आधी सही कर. काहीच घडत नाही.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे तिथेच सांगणं: ‘त्याने आयुष्यात पहिल्यांदा आदरार्थी रूप वापरलं.’ माहिती पोचते, पण ऐन वेळी लेखक मध्ये उभा राहून व्याकरण शिकवतो. दुसरा उपाय आहे पेरणी. तिसऱ्या पानावरच धाकट्याची नवी बायको त्याला चिडवते की थोरल्या भावाला काय एकेरी बोलता, आमच्याकडे असं चालत नाही. तो हसून उडवून लावतो. इथे वाचकाला सहज कळतं की या घरात बोलण्याचे दोन प्रकार आहेत आणि धाकटा मुद्दाम जवळचा वापरतो. मग शेवटी अर्ध्या वाक्याचा इशारा पुरतो. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण तो इंग्रजी काय करू शकते ते वापरतो. सर्वनाम सोडून द्या. धाकटा दस्त उचलतो आणि कारकुनासारखा मोठ्याने वाचतो: ‘लिहून देणार श्री. वसंत गणपत अमुक, वय ५२, धंदा शेती, राहणार अमुक.’ कथाभर ज्याला फक्त ‘दादा’ म्हटलं त्याचं पूर्ण नाव वाचक पहिल्यांदा इथे ऐकतो, तेही धाकट्याच्या तोंडून. तोच घाव बसतो, फक्त हत्यार बदललं.

कदाचित यानंतर तुम्ही मराठी कथाही बदलाल. स्वतःचं भाषांतर करताना हे होतं आणि होऊ द्यावं. मूळ लेखक तुम्हीच आहात, तक्रार कोण करणार?

दुसरी अडचण खुलाशांची. इंग्रजीत लिहायला बसलं की आपल्या लोकांच्या आत एक टुरिस्ट गाइड जागा होतो. तो ओळखायची एक सोपी युक्ती आहे: तुमचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं मराठीत करून मोठ्याने वाचा. ‘आईने तव्यावर भाकरी, म्हणजे ज्वारीच्या पिठाची गोल सपाट रोटी, टाकली.’ ‘तिच्या गळ्यात विवाहित हिंदू स्त्रिया घालतात ते काळ्या मण्यांचं मंगळसूत्र होतं.’ हसू येतंय ना? तुमच्या कथेतला निवेदक त्याच गावचा असेल, तर त्याला भाकरीची व्याख्या कधी सुचेल का? ज्याला भाकरी माहीत नाही त्याला ती थापण्याचा आवाज, तव्यावर फिरवलेलं पाणी, निखाऱ्यावर फुगलेला पापुद्रा यांतून कळेल. नाही कळली तरी बिघडत नाही. आपणही रशियन कादंबऱ्या समोव्हार कसा दिसतो हे न कळताच वाचल्या. मराठी शब्द तिरप्या अक्षरांत टाकायची सवयही आता अनेक लेखकांनी सोडून दिली आहे; तुम्हीही सोडायला हरकत नाही.

मात्र उलटी चूकही होते. चुलत सासू, मावस दीर, आत्याचा नातू अशी सगळी नाती पहिल्याच पानावर मराठी शब्दांत ओतली तर वाचक माणसंच ओळखू शकत नाही. पहिल्या पानावर दोन-तीन माणसं पुरे.

तिसरी गोष्ट वाक्याच्या चालीची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण बातमी शेवटपर्यंत दाबून ठेवू शकतो. ‘दाराशी, हातात रिकामी पिशवी घेऊन, गेल्या पोळ्याला घर सोडून गेलेला सदा उभा होता.’ सदा कुठे येतो बघा. सरळ इंग्रजी वाक्यात सदा आणि त्याचं उभं राहणं आधी येऊन बसतं आणि पिशवी मागे फरफटत जाते. म्हणून वाक्याला वाक्य न लावता परिच्छेदाला परिच्छेद लावा. मूळ परिच्छेद दोनदा वाचा, वही मिटा, आणि तीच गोष्ट इंग्रजीत सांगा. नंतर दोन्ही शेजारी ठेवून काय सांडलं ते तपासा.

‘सांगू नका, दाखवा’ कुठून आलं?

सॅम्पलची तयारी करताना तुमच्या कानावर सारखं पडेल: सांगू नका, दाखवा. पंचेंद्रियांचे तपशील द्या. स्वतःचा आवाज शोधा. अमूर्त विधानं टाळा. मार्क मॅगर्ल या अभ्यासकाचं ‘द प्रोग्राम एरा’ (२००९) हे पुस्तक दाखवतं की दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकन कथा कशी घडली हे समजून घ्यायचं तर विद्यापीठांतले लेखनवर्ग वगळून चालणारच नाही. ‘दाखवा’ आणि ‘आवाज शोधा’ ही सूत्रं त्या वर्गांत रुजली आणि तिथून बाहेर पसरली. एरिक बेनेट यांचं ‘वर्कशॉप्स ऑफ एम्पायर’ (२०१५) आणखी पुढे जातं. आयोवाचं रायटर्स वर्कशॉप १९३६ साली सुरू झालं आणि १९४० च्या दशकापासून पॉल एंगल यांनी ते वाढवलं. पैसा उभा करताना एंगल यांनी शीतयुद्धाच्या वातावरणाचा चांगलाच उपयोग केला. मोठ्या सिद्धान्तांबद्दल संशय, आणि एका व्यक्तीच्या ठोस, इंद्रियगोचर अनुभवावर भर, या वाङ्मयीन आवडीचं त्या काळाच्या राजकारणाशी नातं आहे, असं बेनेट मांडतात. मॅथ्यू सॅलेसिस यांचं ‘क्राफ्ट इन द रिअल वर्ल्ड’ (२०२१) सरळ सांगतं की ज्याला आपण ‘क्राफ्ट’ म्हणतो तो एका विशिष्ट वाचकवर्गाच्या अपेक्षांचा संच असतो.

याचा तुम्हाला उपयोग काय? आपल्याकडची कथा कीर्तनाच्या, पारावरच्या गप्पांच्या शेजारी वाढली. तिच्यात निवेदक मध्येच थांबतो, मत देतो, आडवाटेने एक जुना किस्सा सांगून परत येतो. ती ‘सांगते’, आणि छान सांगते. तुमची ताकद अशा सांगण्यात असेल तर केवळ नियम ऐकला म्हणून ते काढून टाकू नका. पण त्या नियमाची सवय असलेला वाचक समोर बसलाय, हेही विसरू नका. आडवाट घेताना ती मुद्दाम घेतली आहे हे पहिल्या पानापासून कळू द्या. निवेदकाला पहिल्या परिच्छेदातच तोंड उघडू द्या, मत देऊ द्या. मग आठव्या पानावर तो भरकटला तर वाचक त्याच्याबरोबर जातो. पहिली सात पानं गप्प राहून आठव्यावर तो अचानक बोलायला लागला, तर मात्र वाचकाला वाटतं की लेखकाचा हात सुटला.

एक गोंधळ इथेच दूर करते. आयोवात ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम’ नावाची वेगळी गोष्ट आहे, १९६७ पासून. दिलीप चित्रे १९७० च्या दशकात तिथे होते. तो पदवी अभ्यासक्रम नाही. देशोदेशीचे आधीच नाव झालेले लेखक तिथे काही काळ राहायला येतात. एमएफएचा अर्ज तिकडे चालत नाही.

तुम्हाला दुसऱ्यांचं लिखाण इंग्रजीत नेण्यातच जास्त रस असेल, तर भाषांतराचा एमएफए बघा. आयोवात तो आहे. तिथे सॅम्पल म्हणजे भाषांतरित मजकूर असतो आणि सहसा मूळ मजकूरही मागतात. मराठीतून इंग्रजीत येणारी पुस्तकं इतकी थोडी आहेत की चांगल्या मराठी भाषांतरकाराला करायला काम कमी पडणार नाही. लेखक निवडताना पुढचा विचार करा. नुसतं सॅम्पल म्हणून पाठवायला अडचण नसते, पण उद्या ते छापायचं झालं तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागेल. हयात लेखकाला एक पत्र किंवा फोन आधीच केलेला बरा. मराठी लेखक बहुतेक वेळा आनंदाने बोलतात.

वेळ आणि पैसा

डेडलाइन बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. उलटे मोजा. जूनमध्ये निवड, जुलै-ऑगस्टमध्ये इंग्रजी रूप, आणि गणपतीत महिनाभर फाइल बंद. हा महिना वाया जात नाही; परत उघडाल तेव्हा तुम्हालाच तीन पानं नकोशी वाटतील. ऑक्टोबरमध्ये दोन वाचक शोधा: एक मराठी येणारा, जो काय हरवलं ते सांगेल, आणि एक मराठी अजिबात न येणारा, जो कुठे अडखळला ते सांगेल. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘कुठे कंटाळा आला तिथे पेन्सिलने खूण कर’ असं सांगा. दोघांच्या खुणा एकाच जागी आल्या तर तो भाग बदलायचाच. एकाचीच आली तर तुमचं तुम्ही ठरवा. शेवटी संपूर्ण सॅम्पल मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे बहुतेक वेळा अजून मराठी वाक्यरचना लपलेली असते.

पैशांबद्दल स्पष्टच बोलते. एमएफए करून नोकरीची हमी मिळत नाही. म्हणून ट्यूशन माफ करून वर स्टायपेंड देणाऱ्या ठिकाणांनाच आधी अर्ज करा. कॉर्नेल आणि मिचनर सेंटर ही त्यांतली दोन. घर गहाण ठेवून किंवा मोठं शैक्षणिक कर्ज काढून हा अभ्यासक्रम करू नका, मग विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो. इंग्लंडमधले एमए बहुतेक एका वर्षाचे असतात आणि शिष्यवृत्ती नसेल तर सगळी फी खिशातूनच जाते. यात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा १९७० पासून चालू असलेला प्रसिद्ध एमएही आला. तिकडे प्रवेशाआधी शिष्यवृत्तीचा शोध घ्या.

अर्जाची फी प्रत्येक ठिकाणी वेगळी भरावी लागते आणि दहा ठिकाणी भरली की रक्कम चांगलीच होते. फी माफी काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, काही ठिकाणी नाही. विचारायचं असेल तर डेडलाइनच्या काही आठवडे आधी ऑफिसला मेल करा. पाच-सहा ठिकाणं नीट निवडलीत तरी पुरे.

आणि फाइलमध्ये कुठे देवनागरी अक्षरं ठेवली असतील, शीर्षकात किंवा भाषांतराच्या मूळ मजकुरात, तर फॉन्ट आत बसवून पीडीएफ करा आणि अपलोड करण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर उघडून बघा. जोडाक्षरं फुटून नुसते चौकोन दिसत असतील तर ते तिथेच लक्षात येईल.